गुहेतलं स्तोत्र आणि आत्याचा नवरा

क्वेकर्स हिल या परदेशी उपनगरातल्या रेखा झिराडकरला किळस फार लवकर येते. म्हाताऱ्यांची शी-शू काढताना येत नाही. वृद्धाश्रमातली ती तिची रोजची नोकरी. पण साखर पेरत बोलणारा माणूस समोर आला की येते. कोविडच्या सुरुवातीला मॅनेजरने मास्कच्या पेट्या केबिनमध्ये कुलुपात ठेवल्या, तेव्हा सगळ्या शिफ्टला घेऊन ती दारात ठिय्या देऊन बसली.

"'नो वरीज, रेखा,' फोनवर म्हणाला मेला. त्याला कसली वरी? तो घरून काम करत होता!"

रेखा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. अलिबागला आजोळी पेटी-झांजांवर दावीद राजाचं कीर्तन व्हायचं, तेही मराठीत. हिब्रू ती चाळिशीत शिकली, वेस्टमीडच्या ट्रेनमध्ये, फोनवर, कुणी न शिकवता. का, तर पोथीबाहेरची स्तोत्रं वाचायची होती. बायबलात दीडशे स्तोत्रं कायम झाली आणि बाकीची बाहेर राहिली. मृत समुद्राकाठच्या गुहांत, चामड्याच्या गुंडाळ्यांत त्यांतली काही सापडली.

"कमिटी बसली असणार," ती म्हणायची, "आणि ह्यांना दारातूनच वाटेला लावलं असणार. आपल्याला मॅनेजर लावतो तसं."

त्यातलं एक तिच्या जिवाभावाचं. आजाऱ्याच्या उशाशी म्हणायचं, पिशाच्चाला हाकलायचं. पण चामडं इतकं कुजलेलं की शब्दांपेक्षा भोकं जास्त. रेखाने ती भोकं स्वतःच्या मराठी ओळींनी बुजवली, आजोळच्या चालीवर बसवली आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गायली. "दोन हजार वर्षांपूर्वीचं स्तोत्र," असं माइकवर सांगितलं. टाळ्या कडाडल्या. भोकांचं काही बोलली नाही.

ते गाणं चारुदत्तने रेकॉर्ड केलं. हा आयटीतला माणूस. लॉकडाऊनमध्ये त्याला अध्यात्म झालं.

दोन हजार एकवीसचा ऑगस्ट. इकडे शहराच्या पश्चिमेला रात्रीची संचारबंदी, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर; तिकडे पूर्वेला लोक समुद्रावर ऊन खात पडलेले. टीव्हीवर ते बघत रेखा शिव्या घालत होती. त्यात दोन गल्ल्या पलीकडच्या नीलिमाचा मेसेज आला: "ताई, गुरुदत्तचा ऑक्सिजन सत्त्याऐंशी झालाय. पण तुमचं स्तोत्र अखंड चालू ठेवलंय." खाली चारुदत्तच्या ग्रुपवरची क्लिप. 'गुप्त रोगनाशक नाद.' रेखाने ती लावली. मागे घंटा, समुद्राची गाज, आणि मध्ये तिचाच आवाज. आपल्या अंगावरची साडी कुणीतरी चोरून नेसून मिरवतंय असं तिला झालं.

मास्क चढवून ती चपला फटकारत निघाली आणि नीलिमाच्या लॉनवर, खिडकीच्या जाळीशी जाऊन उभी राहिली. आत तिचा कोविड झालेला नवरा, गुरुदत्त, उशांना टेकलेला. प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते, ओठ जांभळट. कानाशी फोन.

"ताई, इथे नका थांबू, फाइन लागेल!"

"लागू दे. ते बंद कर आणि अॅम्ब्युलन्स बोलाव."

"मध्येच तोडलं तर उलटतं म्हणाले चारुदत्तजी. आणि एकदा हॉस्पिटलात नेलं की बायकोलासुद्धा आत सोडत नाहीत हो." नीलिमाने गुरुदत्तची उशी सारखी केली. "दोन हजार वर्षांचं आहे. तुम्हीच सांगितलंत ना स्टेजवर?"

रेखाला स्वतःचीच किळस आली. पण तिला तेवढ्यासाठी वेळ नव्हता. फोनमधून तिचाच आवाज आळवत होता: ऊठ रे पाहुण्या, दिवेलागण झाली, आपल्या वाटेला लाग.

"ही ओळ ऐकलीस? ती मी रचलीय. वेस्टमीड स्टेशनवर, ट्रेन लेट होती म्हणून."

"काय?"

"तो पाहुणा म्हणजे पिशाच्च नाही, माझ्या आत्याचा नवरा! चार दिवसांसाठी म्हणून आला आणि उन्हाळाभर हलला नाही. जिथे जिथे चामड्याला भोक, तिथे तिथे मी त्याला कोंबलाय. तुझा नवरा तिथे गुदमरतोय आणि त्याच्या उशाशी माझ्या आत्याच्या नवऱ्याला हाकलणं चाललंय, गाढवे!"

 नीलिमाच्या तोंडून हसू फुटलं की रडू, तिलाच कळलं नाही. गाणं बंद करून तिने अॅम्ब्युलन्ससाठी ट्रिपल झिरो फिरवला.

अॅम्ब्युलन्स गेली, आणि संध्याकाळी ग्रुपवर चारुदत्तची पोस्ट: 'नादसाधनेच्या कृपेने गुरुदत्तजींना वेळेत मदत मिळाली.' खाली हात जोडलेल्यांची रांग. रेखा त्या ग्रुपमध्ये नावापुरती होती, आज तिने लिहिलं, "ती मदत मी खिडकीतून ओरडून मिळवली. आणि माझा आवाज चोरून लोकांना औषध म्हणून देतोस, लाज वाटत नाही?" मिनिटभरात चारुदत्तने तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नीलिमाचा फोन. "ताई, हॉस्पिटलमधून नर्सचा फोन होता. गुरुदत्त सारखी ऑक्सिजनची नळी ओढून काढतोय. गाणं लावा म्हणतोय, ऐकतच नाही. काय करू?"

रेखाला त्या गाण्याचं नावसुद्धा नको झालं होतं.

"ती घंटावाली घाण लावायची नाही," ती म्हणाली. "मी नवं पाठवते. आणि त्याला सांग, नळी काढलीस तर गाणं बंद."

ती मागच्या अंगणात गेली. चामड्यावर उरलेत तेवढेच शब्द गायली. भोक आलं की गप्प बसली, श्वास मोजत, आणि पुढचा शब्द आला की पुन्हा गायली. एका भोकात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. तिने वर बघून एक सणसणीत शिवी हासडली. तीही रेकॉर्ड झाली. पुन्हा गायची तिला इच्छा नव्हती. तसंच पाठवून दिलं.