जोगळेकरची दोन टाक्यांची गाडी

टोकियोच्या एदोगावा भागात आम्ही चार मराठी माणसं भेटलो की कोणीतरी जोगळेकरच्या पिकअपचं नाव काढतंच. मग एका किश्शावरून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. मी लिहून काढतोय खरं, पण माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही. चूकभूल असल्यास त्याच्या बायकोला, मृणालला विचारा. तिला सगळं आठवतं. जोगळेकरची तीच तर तक्रार आहे.

* * *

२०११च्या भूकंपानंतर पेट्रोलसाठी लांबच लांब रांगा लागल्या. तोयोसुला सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या जोगळेकरने रांगेतच ठरवलं, पुन्हा असं उभं राहायचं नाही. पुढे त्याने एक जुनी अमेरिकन पिकअप आणली. तिला दोन टाक्या, एक पुढे, एक मागे. डॅशबोर्डवर टाकी बदलायचं बटण. फक्त मागची टाकी गंजलेली होती, आणि बटण दाबलं की वायपर हलायचे.

मृणाल म्हणाली, "दोन्ही टाक्या खरोखर चालल्या तर गाडी राहील. नाहीतर शाकेनच्या आधी भंगारात." शाकेन म्हणजे इथली गाड्यांची सक्तीची तपासणी.

जोगळेकर धावत माझ्याकडे आला, कारण माझी डॉक्टरेट द्रवांच्या प्रवाहावर आहे. त्यात टाकीचा कुठेच उल्लेख नव्हता, हे मी त्याला सांगून पाहिलं.

"काका, प्रवाह होता ना? बास."

* * *

आवाजाचं काम काढण्याआधी शेजाऱ्यांना खाऊ देऊन माफी मागायची इथे पद्धत आहे. जोगळेकर शेजारच्या मोरी-सानना चकल्या देऊन आला. पुढच्या रविवारी मोरी-सान तांदळाची बिस्किटं घेऊन आले. म्हणून मृणालने लाडू पाठवले. म्हणून त्यांनी नासपती आणली. दर रविवारी दोघे दारात एकमेकांपुढे वाकून उभे, आणि टाकीचा एक नट ढिला झालेला नाही.

शेवटी मोरी-सान अवघडून म्हणाले, "जोगळेकर-सान, तो आवाज कधी करणार? डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय."

* * *

गंज काढून मागची टाकी एकदाची परत बसवली, पण पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच. भरली तरी अर्धा, रिकामी केली तरी अर्धा. मी बरेच रविवार वायरी तपासल्या. मग मृणाल चमचा घेऊन आली आणि डाळीचा डबा वाजवावा तशी तिने टाकी बुडाशी वाजवली.

"ठप्प वाजलं की आहे. टण्ण वाजलं की संपलं."

"हे फारसं शास्त्रीय नाही," मी म्हणालो.

"तुमचा काटा काय म्हणतो, काका?"

"अर्धी."

"कालही अर्धीच म्हणत होता."

तेव्हापासून चमचा गाडीतच असतो.

* * *

एकदा पुढच्या टाकीवर गाडी फिरवून आणली. निघताना टण्ण वाजणारी मागची टाकी आल्यावर ठप्प वाजली. जोगळेकरने पुन्हा वाजवून पाहिली.

"काका, ही पेट्रोल बनवते."

असं होऊ शकत नाही, हे मी जन्मभर शिकवत आलोय. तरी झाकण उघडून वास घेतला. पेट्रोलच.

इंजिनात उरलेलं पेट्रोल परत नेणारी नळी चुकीच्या टाकीला जोडली गेली होती. ती मी जोडली नव्हती. जोगळेकर म्हणतो, त्यानेही नाही.

* * *

मग परीक्षेचा दिवस. एका लांब सीटवर तिघे, चिबाच्या समुद्रापर्यंत जायचं आणि परत यायचं. निघताना मृणालने दोन्ही टाक्या वाजवल्या. ठप्प, ठप्प.

परतताना पुढची टाकी संपत आली तसं जोगळेकरने बटण दाबलं. वायपर एकदा हलले, गाडीने हिसका दिला आणि पुढे निघाली.

"बदलली," तो म्हणाला.

"कशावरून?" मृणालने विचारलं. काटा अर्ध्यावर होता.

घराअलीकडच्या पुलापाशी गाडी गचके खात थांबली. जोगळेकर स्टिअरिंग घट्ट धरून बसला. त्याला भंगारवाला दिसत असावा. टाकी बदलणारा व्हॉल्व्ह का अडकला असेल, याची कारणं मी सांगू लागलो.

"काका," तो मध्येच म्हणाला, "मागची टाकी तुम्ही पूर्ण भरलीत ना?"

"मी? मला वाटलं, तू भरणार."

मृणाल चमचा घेऊन उतरली. पुढची टाकी, टण्ण. मागची टाकी, टण्ण. ती खिडकीपाशी आली.

"सकाळी दोन्हीत होतं, आता दोन्हीत नाही. म्हणजे दोन्ही चालतात. गाडी राहू दे," ती म्हणाली. "आता उतरा दोघे आणि ढकला."