खंडेराव शेवाळ्यांची चकचकीत कल्हई

खंडेराव शेवाळे मला प्रथम दिसले तेव्हा नाशकातले इंदिरानगर जळत होते. निदान मला तसे वाटले. आम्ही सोसायटीत राहायला आलो त्याच सकाळी गच्चीवरून पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की पाथर्डी फाटा दिसेनासा झाला, पांडवलेणीचा डोंगर नाहीसा झाला आणि मुंबईला निघालेली वाहने, माझ्या अंदाजाने, थेट धुळ्याला पोचली. बायकोला अग्निशमन दलाचा नंबर शोधायला सांगून मी बादली घेऊन वर धावलो. त्या ढगातून आधी एक मिशी बाहेर आली. बऱ्याच वेळाने तिच्यामागून, तिच्या मानाने अगदीच किरकोळ, असा एक माणूस आला. त्याच्या हातात सांडशी होती आणि सांडशीत तापलेले पितळी पातेले.

"नवीन का?" तो म्हणाला. "पाणी आणलं ते लय बरं केलं. ओता इथं."

मी ओतले. फस्स्! पातेले आतून असे लखलखले की त्यात मला माझे टक्कल दिसले, आणि तेही पाच वर्षांनी पुढचे.

"नवसागराचा धूर हाय. कल्हई करतोय," खंडेराव म्हणाले. "खाली तुमची पितळी भांडी असतील तर आणा. पैसे नकोत. कौतुक करा."

घोटीच्या बाजारात खंडेरावांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी नवा आणू लागले तेव्हा ते त्यांनी बंद केले आणि नाशकात आले. येताना दुकानातले सगळे घेऊन आले. त्यांच्या घरात दिवाण उघडला तर चादरीऐवजी ट्रान्झिस्टर निघत. एकदा त्यांनी आमची दारावरची घंटा दुरुस्त केली. त्यानंतर ती दाबली की आमचा मिक्सर सुरू होत असे.

त्यांच्या पत्नी मंगलाबाई, आमच्या मंगलावहिनी, पक्क्या भाताच्या मुलखातल्या. भात आणि चिंचेचे सार, बाकी जेवण म्हणजे त्यांच्या मते टाइमपास. सार शिजायचे ते रुखवतातल्या पितळी पातेल्यात, रात्रभर मुरायचे त्यातच, आणि सकाळी त्या ते वाटीने प्यायच्या. स्टीलला त्या "पत्रा" म्हणत. कल्हईसाठी पातेले दुकानात द्यायचे तर त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. "आपलं जाड पातेलं ठेवून घेतात आणि दुसऱ्याचं पातळ माथी मारतात," असे त्यांचे ठाम मत. म्हणून कल्हईचे काम नवऱ्याकडे आले, आणि नवऱ्याने ते साऱ्या बिल्डिंगसाठी खुले केले.

मग वहिनींचे रक्त कमी झाले.

जिना चढताना त्या मध्येच बसू लागल्या. पोटात कळा येत. चेहरा फिका पडला. हिमोग्लोबिन निघाले साडेसात. फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सोसायटीने सल्ले दिले. बीट आले, खजूर आला, सुरगाण्याची नागली आली. तळमजल्यावरच्या लताबाईंनी तर इतकी डाळिंबे पाठवली की खंडेराव म्हणाले, "आता हिचं रक्त नाय, सरबत निघंल." पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन साडेसहा!

आम्ही हादरलो. इतके लोह गेले कुठे? वितळवले असते तर गेटला नवी कडी झाली असती. पण रक्ताच्या तपासणीत कळले, लोह अंगात भरपूर आहे. कमी आहे ते रक्तच. मग रक्त कुठून झिरपते का ते पाहायला वरून नळी घातली, खालून नळी घातली, सोनोग्राफी केली. काहीच नाही. एक डॉक्टर खंडेरावांना बाजूला घेऊन म्हणाले, आत कुठे तरी कॅन्सर लपलेला असू शकतो. त्या दिवशी खंडेरावांनी मिशीला तेल लावले नाही.

ते एवढेच करू शकत होते की बायकोने चार घास खावेत. तिला सारच जायचे, म्हणून ते रोज सार करू लागले, चिंच जरा जास्तच घालून. अन्न स्वच्छ असावे म्हणून दर आठवड्याला गच्चीवर धूर करू लागले. वहिनी जितक्या फिक्या पडत गेल्या, तितकी भांडी चमकत गेली.

शेवटी रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉ. हर्षाली यांच्याकडे आम्ही गेलो. गाडी माझी, म्हणून मीही आत. हाडातला मगज तपासायचा, असे आधीच्या डॉक्टरांनी लिहिले होते आणि वहिनींनी त्याची एवढी धास्ती घेतली होती की खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी आधी रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बराच वेळ पाहिली. मग वळून विचारले, "आजी, तुम्ही बॅटरीच्या कारखान्यात काम केलंय का?"

वहिनींनी माझ्या कानात विचारले, "हिला बरं नाय का?"

"घरात जुना रंग खरवडलाय? कसली भस्मं, पुड्या?"

"नाय बाई. मी कशाला भस्म खाऊ?"

"तुमच्या लाल पेशींवर निळे ठिपके आहेत. म्हणून विचारतेय. स्वयंपाक कशात करता?"

खंडेराव जन्मभर या प्रश्नाची वाट पाहत असावेत. ते एकदम ताठ झाले. "पितळेत! आणि कल्हई माझ्या हातची. आता हे बघा डॉक्टर." इतरांच्या खिशात पेन असते तसे त्यांच्या खिशात सोल्डरच्या, म्हणजे जोड द्यायच्या, तारेचे भेंडोळे असे. ते त्यांनी टेबलावर ठेवले. "दुकानातली लय रिळं उरली होती. वाया कशाला घालवायची? नुसतं कथील वितळायला तरास देतं. ही तार लोण्यासारखी पसरते. साठ-चाळीसचा माल हाय. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शि..."

ते थांबले. हे वाक्य त्यांनी घोटीत किती गिऱ्हाइकांना ऐकवले असेल कोण जाणे, पण ते अर्ध्यात कधीच सोडले नसेल. रविवारी त्यांच्याकडे सार ओरपणाऱ्यांत मी पहिला होतो.

"काय झालं? बोला की," वहिनी म्हणाल्या.

"शिसं," खंडेराव म्हणाले. "मी तुला शिसं घातलं, मंगल."

नंतर डॉक्टरांनी नीट समजावले. अंगात शिसे गेले की लोह असूनही शरीराला रक्त बनवता येत नाही. पोटातल्या कळाही त्याच्याच. आंबट पदार्थ कल्हईतले शिसे ओढून घेतो आणि रात्रभर ठेवला तर आणखीच. खंडेरावांना पित्ताचा त्रास, ते आंबटाला शिवत नव्हते, म्हणून ते ठणठणीत. खात्रीसाठी रक्तातल्या शिशाची तपासणी झाली. आकडा पाहून डॉक्टर हर्षाली यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ते त्यानंतरचे. खंडेराव घरोघर गेले. घंटा वाजवायचे आणि म्हणायचे, "मी केलेलं पातेलं परत द्या. त्यात विष हाय." लताबाईंना हे इतके अचानक झाले की त्या म्हणाल्या, "अहो, चहा तरी घ्या." मग विष हा शब्द त्यांच्या डोक्यात शिरला आणि त्या दारातच खाली बसल्या. सगळी बिल्डिंग रक्त द्यायला प्रयोगशाळेत गेली. आम्ही रांगेत एकमेकांकडे बघतही नव्हतो. माझ्यातही थोडे शिसे निघाले. बायको म्हणाली, "डोक्यातलं खाली उतरलं असेल."

खंडेरावांनी जेवण सोडले. वहिनी, ज्यांना धड उभे राहता येत नव्हते, त्यांनी माझ्यादेखत नवऱ्यासमोर ताट आणून आपटले.

"लग्न झाल्यापासून मला मारायला तुम्हाला उभं आयुष्य मिळालं, ते जमलं नाय. आणि आता कल्हईनं मारायला निघालात व्हय? खा आधी!"

"तू मेली असतीस, मंगल."

"मेले नाय ना? मग भाताला तूप घ्या."

त्यांनी तूप घेतले. मिशी भिजत होती, तुपाने नव्हे. मी उठून आमच्या घरी आलो.

शिसे बाहेर काढायच्या औषधाचा कोर्स झाला. वहिनींचे हिमोग्लोबिन हळूहळू वर आले आणि आता अकराच्या वर आहे. कॅन्सर कुठेच नव्हता. एवढ्या तपासण्यांत त्यांना मधुमेह मात्र निघाला, आणि त्याच्या गोळ्या सध्या चालू आहेत.