ओलाव्याची घट

कोणतीही दोन माणसे शेजारी उभी करून त्यातल्या एकाला हलके ठरवल्याशिवाय माझ्या भाऊजींना जेवण जात नाही, आणि हे काम त्यांच्याइतक्या निष्ठेने करणारा दुसरा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फुलचूरला त्यांची राइस मिल आहे. ते डॉक्टरांची तुलना करतात, वरातीतल्या बँडांची करतात, बोदलकशाच्या मासळीची इतर तलावांच्या मासळीशी करतात. माझ्या लग्नात नवरदेव मांडवात उभा असताना त्याची तुलना त्यांनी आधी सांगून आलेल्या स्थळाशी केली होती आणि निकाल मोठ्याने सांगितला होता. पण त्यांचा खरा विषय कॉलेजचा बास्केटबॉल, आणि त्यातही शूटिंग गार्ड, म्हणजे लांबून नेम धरून चेंडू टाकणारा खेळाडू. स्वतः भाऊजी कॉलेजच्या संघात राखीव होते. सगळे शिक्षण बाकावर बसून झाल्यामुळे त्यांना खेळ पाहायला भरपूर वेळ मिळाला.

त्यांच्या मते गोंदियात आजवर तीनच शूटिंग गार्ड झाले. पहिला त्यांच्याच वर्गातला, कामठ्याचा. दुसरा नव्वदनंतरचा एक डावखुरा. तिसरी माझी मुलगी. तिला त्यांनी यादीत घेतले ते तिसरे कोणीतरी हवे म्हणून, असा आमच्या घरात समज आहे. "डावखुऱ्याचा हात मखमल होता," ते सांगतात, "पण पाय पाटलाचे. उठायलेच वेळ लागे." माझ्या मुलीबद्दल म्हणतात, "पोरगी चांगली हाये, पण चेंडू सुटल्यावर पाहत राहते. आपलंच पीक पाहत बांधावर उभं राहू नये." आणि कामठ्याचा? "तो चेंडू फेकत नव्हता वो. ठेवत होता." हे सांगताना भाऊजींचा हात हवेत थांबतो आणि ताटातले वरण थंड होते. माझी बहीण म्हणते, "त्या कामठ्यावाल्याशीच लगन लावायचं होतं यायनं."

भाऊजी कोणताही सामना सुरुवातीपासून पाहत नाहीत. शेवटचा डाव सुरू झाला की येतात. धानाच्या व्यवहारातली ही सवय. पोत्यात लोखंडी परखी खुपसून दाणा काढायचा तर ती तळाशी घालावी लागते. "तोंडाशी सगळेच चांगलं धान भरतात," ते म्हणतात. "मानूस तळाले पाहावा." या नियमाने ते लग्नालाही जेवणे आटोपत आल्यावर पोचतात.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजचे मैदान नव्या इमारतीसाठी खोदले गेले आणि मुलीचा सराव बंद पडला. तिचे शेवटचे वर्ष. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची तर याच वर्षी, नाही तर कधीच नाही. मी माझ्या कृषी केंद्रात युरियाची पोती उतरवून घेत होते, तेव्हा भाऊजी येऊन म्हणाले, "मिलचं अंगण कायले हाये? पावसात धान थोडंच वाळवून राहिलो मी." त्यांनी मिलच्या सिमेंटच्या अंगणात खांब रोवून घेतला, रिंग बसवली आणि तीन गुणांची रेघ, जिच्यामागून पडलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती, स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटने ओढली. मुलगी रोज तिथे जाई. उघडीप मिळाली की खेळे, पाऊस आला की पत्र्याखाली थांबे. महिनाभर सारखी म्हणायची, "मावसाजी, लांब वाटून राहिलं." भाऊजी म्हणायचे, "सवय होईन बेटा." झाली सवय. सप्टेंबरात तिचे दहातले सातआठ सहज पडायला लागले, आणि मी निश्चिंत झाले. तिथेच चुकले.

निवडीचा सामना गोंदियाच्या मैदानावर होता. वेगवेगळ्या कॉलेजच्या मुलींचे दोन संघ पाडले होते. निवड करणारे तिघे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते आणि कोणाकडे बघून हसायचे नाही असे ठरवून आले होते. मुलीने पहिला चेंडू रेघेवरून टाकला. तो रिंगच्या वरून, मागच्या फळ्याच्या कडेला लागून बाहेर गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याने फळाही सोडला. ती स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. मग ती टाकायचीच थांबली, आला चेंडू की दुसरीला देऊन मोकळी. खुर्च्यांवरल्या एका बाईंनी कागदावर काहीतरी खोडले. तिसऱ्या डावात तिच्या संघाच्या मॅडमनी तिला बाहेर बोलावून बाकावर बसवले. तिने टॉवेल तोंडावर घेतला. मी डब्यातली लिंबाची फोड चोखत बसले होते, ती कडू लागायला लागली.

शेवटचा डाव सुरू होता होता भाऊजी आले, आरामात, पान चघळत.

"पोरगी बाकावर काऊन?"

"एकही पडला नाही. सगळे वरून जाऊन राहिले."

"वरून?" भाऊजी चावायचे थांबले. "लांब पडून राहिले?"

"हो, लांब. मिलमध्ये पडतात, इथे नाही."

त्यांचा चेहरा ओल्या कोंड्यासारखा झाला. "साळीबाई," ते हळू म्हणाले, "मी घट धरली होती."

"कसली घट?"

"ओलाव्याची. ओलं धान अन् सुकं धान सारखंच तोलत नाहीत ना, ओल्याचं वजन कापून धरतात. कामठ्याचा चिखलात खेळे, कातडी चेंडू पानी पिऊन जड होये. तीन गुणांची रेघच नव्हती तवा, लांबूनचेही दोनच. हिले चांगला चेंडू, चांगले बूट. मंग बरोबरी कशी कराची? म्हणून रेघ दोन हात मागं ओढली."

मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगते, की आमच्या पुढच्या रांगेतले लोक उठून दुसरीकडे बसले.

भाऊजी बाकाकडे निघाले. मॅडमनी हात आडवा केला. "पालकांनी मध्ये यायचं नाही." "मी पालक नाही, मिलवाला हाये," भाऊजी म्हणाले. मॅडमवर परिणाम झाला नाही. तेवढ्यात एका मुलीचा पाय मुरगळला आणि मॅडमनी नाइलाजाने माझ्या मुलीला आत पाठवले. घड्याळ पळत होते. तेव्हा भाऊजी दोरीपर्यंत गेले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "बेटा, रेघ खोटी होती! मिलची! दोन हात मांगं सरक!"

पंच थांबले. खुर्च्यांवरले तिघे वळले. मुलीने आता दोन्ही हातांनी तोंड झाकले. मला वाटले, संपले. पण चेंडू तिच्याकडे आला तेव्हा ती रेघेपाशी गेली नाही. मागे सरकली, रिकाम्या जागेत. एवढ्या लांबून कोणी टाकेल असे समोरच्या मुलींना वाटलेच नाही, म्हणून कोणी तिच्या अंगावरही आले नाही. चेंडू गेला आणि जाळीचा आवाज तेवढा आला. पुन्हा आला, पुन्हा मागूनच. मग त्या बाईंनी खोडलेल्या ठिकाणी काहीतरी परत लिहिले. तिसरा हुकला. चौथा पडला तेव्हा ती बघत उभी राहिली नाही, लगेच मागे धावली.

नावे वाचायला त्यांनी तासभर लावला. तिचे नाव शेवटून दुसरे आले. मुलगी मैत्रिणींबरोबर मागे थांबली, मी भाऊजींच्या गाडीत बसले. राग उतरला नव्हता.

"आता तरी सांगा," मी म्हटले, "मोठं कोण? ही दोन हात मागून टाकते. तुमचा कामठ्याचा टाकायचा काय?"

भाऊजींनी काच खाली करून पान थुंकले.

"त्यालेही असंच बोलावलं होतं निवडीले," ते म्हणाले. "धानाच्या रोवणीचे दिवस. बाप म्हणे, चेंडू खेळाले नाही पोसला तुले. नाही गेला तो. दुसऱ्या वर्षी कॉलेजही सोडलं."

"म्हणजे बाहेरच्या कोणाशी तो खेळलाच नाही?"

"नाही."

"मग इतकी वर्षं त्याले सगळ्यांहून मोठा कायले म्हणून राहिले?"

"कोणीतरी म्हनायले पाहिजे ना वो."

वाद उघडच माझ्या बाजूने होता. फुलचूर येईपर्यंत मी तो मांडला नाही.