बटाट्यातला कार्बन

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी मी म्हापशाच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत आपटले होते. मुळगावच्या मराठी शाळेतून आलेली मी. सर इंग्रजीत भराभर बोलत, फळ्यावर रेघा ओढत, आणि वहीत उतरवलेल्या त्या रेघांमधला रेणू कागदातून बाहेर कसा येतो ते मला काही केल्या दिसत नसे.

एकदा तास संपताना सर म्हणाले, "गेल्या वर्षी हा पेपर पास झालेली मुलं शुक्रवारी दुपारी तुमच्याबरोबर बसतील. यायची सक्ती नाही. पण या."

आमच्या वाट्याला पेडण्याची एक मुलगी आली. तिसऱ्या वर्षाची, उंच, चालताना चपला फटफट वाजवणारी. बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं, "मी ह्या पेपरात एकदा नापास झालंय. त्यामुळे खंय अडकायला होतं ते माका चांगलं ठाऊक आसा."

मला हायसं वाटलं. पण तो आनंद अर्धा तासच टिकला, कारण ती उत्तरच देईना. काहीही विचारलं की उलट विचारी, "तुका काय वाटता?"

"वाटलं असतं तर इथे आले असते का?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"वाटता ता चुकीचा असला तरी चलात. बोल तरी."

आमच्या टेबलावर दोन मुलगे होते. एक म्हापशाचाच, घरी-दारी कोंकणी बोलणारा. दुसऱ्याचे वडील सावंतवाडीकडून येऊन डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवत. राजभाषा कोंकणी की मराठी या आंदोलनात गाड्या बंद पडल्याचे दिवस कुणी विसरलं नव्हतं. म्हापशेकर कोंकणीत समजावू लागला की डिचोलकर कपाळाला आठ्या घाली. शेवटी एका शुक्रवारी तो म्हणालाच, "माझ्या डोक्यात मराठीतूनच शिरतं. मराठीत सांग."

"म्हाका मराठींत सांगपाक येना," म्हापशेकर म्हणाला आणि त्याने पुस्तक मिटलं.

आता दोघंही उठून जाणार, असं मला वाटलं. पेडण्याची मुलगी आधी म्हापशेकराकडे, मग डिचोलकराकडे बघत शांतपणे म्हणाली, "तू कोंकणीत सांग. तेणी सांगलेला तू मराठीत परत सांग. चुकला तर पहिल्याने थांबवायचा."

दोघं कुरकुरत तयार झाले. म्हापशेकराने एक वाक्य सांगितलं, डिचोलकराने ते मराठीत फिरवलं. मधेच तो अडला. "थांब, हे तुझं बरोबर नाही." आणि खरंच, चूक म्हापशेकराची होती. दोघंही पुस्तकावर वाकले. त्यानंतर आमच्या टेबलावर सगळं दोनदा सांगितलं जाऊ लागलं आणि दुसऱ्या वेळेला बहुतेक डोक्यात उतरायचं.

माझा रेणू मात्र अजून कागदावरच पडून होता. मग एका शुक्रवारी ती बाजार करूनच आली. पिशवीतून तिने दोन बटाटे काढले, नव्या झाडूचे हीर मोडून घेतले आणि मिरची, लसूण, चिंच आणि सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, टेबलावर मांडली.

"हो बटाटो म्हणजे कार्बन. चार बाजूंनी चार हीर, चार टोकांना चार जिनसा. एक तू कर, एक तो करील."

मी आणि डिचोलकराने बटाट्यांत हीर खुपसले. एक वर, तीन खाली पसरलेले, तिवईच्या पायांसारखे.

"आता दोन्ही सारखे धरून दाखवा."

मिरची वर धरली, सुंगटं एका दिशेला आणली, तर लसूण आणि चिंच उलट्या जागी. कसंही फिरवलं तरी तेच.

"तुझं चुकलं," तो म्हणाला.

"तुझंच चुकलं असेल."

ती नुसती बघत होती. मी माझ्या बटाट्यातली लसूण आणि चिंच यांची अदलाबदल केली. आता दोन्ही बटाटे तंतोतंत जुळले. पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा बिघडले. आणि एकदम उजेड पडला.

"कुणाचंच चुकलं नाही," मी म्हटलं. "हे दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं आहेत. जिनसा त्याच, पण रेणू दोन."

"परत सांग," ती म्हणाली. मी परत सांगितलं, या खेपेला उभी राहून.

तेवढ्यात सर दारात आले. "वास कसला येतोय?"

"कार्बनचा, सर," ती म्हणाली.

सरांनी दोन्ही बटाटे हातात घेऊन बराच वेळ फिरवले. पुढच्या तासाला ते दोन्ही सरांच्या टेबलावर होते, आणि मागच्या बाकांवरची मुलंही माना उंच करून बघत होती.

वार्षिक परीक्षेत आम्ही तिघंही पास झालो. त्या पेपरात मला प्रथम वर्गाचे गुण होते. निकालाच्या दिवशी सरांनी विचारलं, "पुढच्या वर्षी तू एक टेबल घेशील? मुलं गेल्यावर मागे थांबून पुढच्या शुक्रवारची तयारीही करावी लागेल." मी हो म्हणून बसले आणि मग घरी काय सांगायचं याचा विचार करत बसमध्ये चढले.

बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बटाट्यांसकट.

"म्हणजे आता तू शिकवणार."

"शिकवायचं नसतं, बाबा. विचारायचं असतं."

 बाबा म्हणाले, "म्हणजे शुक्रवारी काळोख पडणार तुला यायला." आणि उठून अंगणात गेले. त्यांच्या स्कूटरचा पुढचा दिवा कित्येक महिने पेटत नव्हता. तो त्यांनी त्याच संध्याकाळी खोलून दुरुस्तीला घेतला.