उन्हात वाळवलेली चूल

ऊसतोडीला निघायच्या आधी बायका आमच्याकडं येतात आणि सोबत न्यायची चूल माझ्या आईकडून करून घेतात. यंदा आईचा उजवा हात लकव्यानं गेला, म्हणून मी शहरातली नोकरी सोडून आले. कुंभाराच्या घरातली पहिली पदवीधर मी. सात वर्षं मातीला हात लावला नव्हता, तरी त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

पलीकडच्या गल्लीतली एक बाई आपलं पातेलं मापाला ठेवून गेली. "परवा सकाळी ट्रॅक्टर हाय. तवर व्हईल ना?"

"होईल की," मी म्हणाले.

लीद आणि भुसा घालून माती मळली, हातानंच चूल उभी केली, पातेलं टेकवून तिन्ही उंचवटे बसवले. बोटं काही विसरली नव्हती. मी चूल उन्हात ठेवली तशी आई खाटेवरून म्हणाली, "सावलीत ठिव. चिरंल."

"सावलीत चार दिवस लागतील. तोवर ट्रॅक्टर थांबणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चूल तोंडापासून बुडापर्यंत तडकलेली होती. त्या बाईनं भेगेवरून बोट फिरवलं आणि पातेलं उचललं. "ऱ्हाऊ द्या. तिकडं तीन दगडं मांडते. बाकीच्या बायांना काय सांगू, मावशी?"

"सांग, आमच्या घरच्या चुली बंद झाल्या," आई म्हणाली.

पुढची सावलीत वाळवते, असं मी म्हणणार होते. पण आईनं भिंतीकडं तोंड केलं होतं.