शेवटच्या डब्यातले व्याही

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात माझ्या व्याह्यांइतका भित्रा माणूस आजवर झाला नाही. झाला असलाच, तर तो भीतीनं घराबाहेर पडला नसेल, म्हणून आपल्याला ठाऊक नाही इतकंच.

मी शिरूरची, ते दौंडचे. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली, आणि लग्नातच त्यांची पुरती ओळख पटली. होम पेटायच्या आधी त्यांनी वाळूच्या लाल बादल्या आणून होमाच्या चारी बाजूंना ठेवल्या. आमच्या बायकांना वाटलं, ही त्यांच्याकडची रीत असेल. एकीनं पुढं होऊन बादल्यांना हळदीकुंकू वाहिलं, दुसरीनं वर सुपारी ठेवली. व्याह्यांनी सुपारी हळूच उचलली आणि म्हणाले, "वाळू मोकळी ऱ्हाऊ द्या. पदर कवा पेटंल सांगता येत न्हाई." भरल्या मांडवात, बरं का!

त्यांचे वडील मेंढरं घेऊन घाट उतरायचे, लांडग्यांच्या मुलखात उघड्यावर झोपायचे. त्यांच्या पोटी हे असं रत्न आलं, की गच्चीवर झोपायचं म्हटलं तरी आधी खाट नळाच्या पाइपला बांधणार आणि मगच पाठ टेकणार. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की हे अंगणात. रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून उशाशी घेणार. एकदा भाजी आणायला गेले ते परतलेच नाहीत. शोधत गेलो, तर चौकात एका उघड्या गटारापाशी लाल रुमाल धरून उभे. येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूनं वळवत होते, पिशवीतली मेथी पार सुकून गेलेली. तेव्हा भीती ती काही फक्त स्वतःपुरती नव्हती. दुसऱ्याच्या वाटणीचंही ते भिऊन घ्यायचे.

आता हा माणूस नोकरीला कुठं? तर रेल्वेत, मालगाडीचा गार्ड. मालगाडीच्या अगदी शेवटी एक डबा असतो, त्यात गार्ड एकटा. इंजिन इतकं लांब की वळणावरच काय ते दिसणार. गाडी सुटली की ड्रायव्हर मागं वळून बघतो आणि गार्ड हिरवा झेंडा दाखवतो. म्हणजे सगळी गाडी आली, चल पुढं. ड्रायव्हरनं बघितलंच नाही, तर गार्डाच्या हाताशी ब्रेक असतो. व्याही रिटायर झाले, पण झेंडा घरी आला. घरातून कुणीही निघालं की हे झेंडा घेऊन फाटकात उभे. जाणाऱ्यानं कोपऱ्यावरून वळून बघायचंच. मी एकदा गंमत म्हणून बघितलं नाही, तर रिक्षा करून एसटी स्टँडवर हजर.

"विहीणबाई, मागं बघितलं न्हाई तुम्ही!"

"मान आखडलीय हो," मी थाप मारली. पुढं महिनाभर शिरूरला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर मानेला चोळायच्या तेलाची बाटली यायची.

आमची नात ऋतुजा. तिनं नाक आमचं घेतलं, भीती आजोबांची. पुण्याला कॉलेजात हुशार म्हणून नाव, पण उत्तर येत असून वर्गात हात वर करणार नाही. तर कॉलेजनं हिलाच निवडलं, सहा महिने जर्मनीच्या विद्यापीठात शिकायला, एक्स्चेंजवर. घरात पेढे आले. व्याह्यांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आपली तिकडं चालली, तर त्यांची हिकडं कोण येतीया?"

"यंदा कुणीच नाही, आबा."

पेढा परत ताटात. "मंग ह्ये एक्स्चेंज कसलं? पूर्वी एकेरी लायनीवर ड्रायव्हरला परवान्याचा लोखंडी गोळा द्यायचे. एक गोळा दिला का दुसरा घ्यायचा. घेतल्याबिगर गाडी सुटत न्हाई!" पुढचे कितीतरी दिवस हे तिकडची एखादी पोरगी दौंडात आणून ठेवायच्या मागं. "खायाप्यायला काय कमी पडायचं न्हाई, तिखट बेतानं घालू," म्हणायचे. ते जमलं नाही, तेव्हा साखळी आणि कुलूप आणून दिलं. विमानात बॅग सीटला बांधायची म्हणे.

ती गेली. तिसऱ्या आठवड्यात मी दौंडला होते. लेक-जावई कामावर गेलेले. आपल्या दुपारी, म्हणजे तिच्या सकाळी, व्हिडिओ कॉल आला. पोरीचा चेहरा पार उतरलेला. खिडकीचे पडदे ओढलेले, केसांना फणी नाही. पोरगी कित्येक दिवस खोलीतून बाहेरच पडली नव्हती! आईला रोज सांगायची, कॉलेजला निघाले, आणि कडी लावून घरचा चिवडा खात बसायची. बाहेर सारखं धुकं. बोललं की लोक "काय? काय?" करून परत विचारतात. एकदा ट्रामच्या दारात दप्तर अडकलं आणि ट्राम आता चालू होते की काय म्हणून ती किंचाळली, तर सगळे वळून बघायला लागले. तेव्हापासून दाराला हात लावला की छाती धडधडते. "आबा, मला परत यायचंय. पप्पांना तिकिटाचं सांगा ना."

मला वाटलं, संपलं. ब्रेक नेमका याच माणसाच्या हातात आलाय आणि हा ओढणार. खोटं कशाला सांगू, मलाही तेच हवं होतं. "ये म्हणा तिला," मी कुजबुजले. व्याह्यांनी फोन आणखी जवळ धरला.

"धडधड छातीतच, का पोटातबी?"

"दोन्हीकडं."

"पाय गार पडत्यात?"

"व्हय आबा."

"मंग बराबर हाय. मलाबी तसंच व्हायचं. घाटात गाडी हुबी ऱ्हायली का डब्यात मी येकटा. खाली दरी, वर धुकं. देवाचं नावबी तोंडात यायचं न्हाई."

"मग तुम्ही काय करायचा?"

"भ्यायचो. आन् भीत भीत ड्युटी करायचो."

पोरगी रडता रडता हसली. व्याह्यांनी फोन माझ्या हातात दिला, खुंटीवरचा झेंडा काढला, सदऱ्याची वरची गुंडी लावली. "हे बघ, तू इंजिन, मी तुझा मागचा डबा. डबा काय इंजिनाच्या म्होरं येत न्हाई, पर सुटतबी न्हाई. आज कालेज न्हाई. आज निस्तं दार उघडायचं, भाईर पाऊल टाकायचं, आन् वळून बघायचं."

फोन धरून माझा हात दुखून आला. तिकडं कडी वाजली. एक लांबलचक रिकामा व्हरांडा दिसला, मग तिचा पांढराफटक चेहरा. इकडं स्वयंपाकघरात हिरवा झेंडा हलला. त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी जिना, मग पावाचं दुकान, आणि असं करत करत ट्राम. ट्राममध्ये शिरताना कॉल तुटला. व्याही झेंडा धरून तसेच उभे, कपाळावर घाम. बसा म्हटलं तर बसेनात. कॉल परत लागला. "आबा, दार लागलं! पण मी आत आहे, दप्तर पण आत आहे!" तेव्हा कुठं ते खुर्चीवर टेकले.

पुढं ती रोज निघताना फोन करायची, झेंडा बघायची आणि जायची. मी वसंतात पुन्हा दौंडला गेले तेव्हाही चालूच होतं. आणि त्याच मुक्कामात एका दुपारी फोन आला नाही.

व्याही झेंडा मांडीवर घेऊन बसलेले. जेवण झाकलेलं. माझ्या डोळ्यांपुढं ट्रामचं ते दार. एवढी वर्षं त्यांना हसणारी मी, पण त्या दुपारी माझेच पाय गार पडले. "लावा की हो फोन! कॉलेजात लावा! तुमच्या नियमानं आता ब्रेक मारायला पाहिजे!"

"पायजे," ते म्हणाले. त्यांचा हात फोनवरच होता. "पर समद्या वर्गाम्होरं कुणी तिला इचारीत आलं, तर पुन्ना कडी लावून बसंल ती. थांबा, विहीणबाई." आणि जगातला सगळ्यात भित्रा माणूस हात फोनवर ठेवून तसाच बसून राहिला. मी देवापाशी जाऊन येत होते, ते जागचे हलले नाहीत.

दिवेलागणीला फोटो आला. दोन मैत्रिणींच्या मधे ऋतुजा, सायकल धरलेली, तोंडभर हसू. खाली लिहिलेलं, 'आबा, सकाळी घाईत विसरलेच! सॉरी!'

त्यांनी फोटो मोठा करायला लावला. बराच वेळ बघितला. "वळून बघायचं इसारली," म्हणाले, आणि झेंडा गुडघ्यावर ठेवून हातानं त्याच्या चुण्या मोडत बसले. त्या दिवशी झोपताना गॅसचा रेग्युलेटर काढायचंही विसरले. मी उठून काढला.

दुसऱ्या दिवशी ते मला स्टँडवर सोडायला आले. झेंडा काखेत, गुंडाळलेला. एसटीत पुढं जागा होती, पण मी मुद्दाम सगळ्यात मागं जाऊन बसले. तिथं हाडं खिळखिळी होतात, होऊ देत. गाडी हलली तरी ते तसेच उभे, झेंडा काढावा की नाही या विचारात. मी खिडकीतून हात काढून हलवला. "मावशी, हात आत घ्या!" कंडक्टर ओरडला. मी घेतला नाही. मग त्यांनी काखेतला झेंडा सोडवला आणि वर धरला. मागच्या काचेतून मी बघत राहिले. स्टँड गेलं, माणसं गेली, रिक्षा गेल्या, आणि वळणापर्यंत ते एवढंसं हिरवं दिसत होतं.