ओट्यावरची प्रेरणा

मी पोलीस भरतीची तयारी करत होते तेव्हा आमच्या अकॅडमीनं लातूरहून मानसशास्त्राचे एक सर बोलावले. धावायची प्रेरणा आतून येते, असं म्हणत त्यांनी आम्हाला डोळे मिटून अंगावरची वर्दी बघायला लावली. मला झोप लागली. माझी प्रेरणा चाकूरच्या रस्त्याला ओट्यावर तूर निवडत बसलेली असायची. ती माझी आत्या. मी दिसले की ओरडायची, "थांब गं, उदगीरचं स्थळ हाय, पोरगा लई चांगला हाय." तेवढ्या टप्प्यात मी सुसाट सुटायचे आणि कोच बाकीच्यांना म्हणायचे, हिची जिद्द बघा.

मी भरती झाले. आत्या पेढे घेऊन आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आता तुझ्याहून जोरात पळणारा बघते."